मिरचीचा तवा आणि त्रान्सितोबाईंचे नाक

मी एक जुना मातीचा तवा आहे. माझ्या कडेला बोटभर चीर गेली आहे आणि पाठ इतकी काजळली आहे की माझी माती मूळची तांबडी होती, हे आता कुणाला सांगूनही पटणार नाही. मित्रांनो, मातीच्या तव्याचे आयुष्य फार तर दोन-तीन वर्षांचे असते. रोज भाकऱ्या भाजून तो एक दिवस मधोमध फुटतो. मी मात्र नऊ वर्षे टिकलो, कारण माझ्यावर मक्याची भाकरी कधी पडलीच नाही. तुमच्यापासून सातासमुद्रापार असलेल्या आमच्या वाहाकाच्या दरीत शहाण्या घरात दोन तवे असतात, एक भाकरीचा आणि एक मिरचीचा. मिरचीच्या तव्यावर चुकून भाकरी भाजली, तर खाणारा डोळे पुसत घरभर पाणी शोधतो. मी मिरचीचा तवा.

शेजारच्या गावातल्या एका कुंभारणीने मला घडवले. तिने टेकडीवरची माती आणून वाळूत मळली, दाणे काढलेल्या कणसाच्या बुरखुंडाने मला पातळ केले आणि गुळगुळीत दगडाने घासले. मग उघड्यावर रचलेल्या लाकडांच्या आणि शेणाच्या जाळात मी भाजून निघालो. माझ्याबरोबरचे तिघे त्या जाळातच तडकले. त्यांची मला अजून आठवण येते.

रविवारच्या बाजारात लोमा सेका गावच्या त्रान्सितोबाईंनी मला उचलले, बोटाच्या पेराने टकटक वाजवले आणि कान लावला.

"हा बोलतो बरं का," त्या कुंभारणीला म्हणाल्या. "बाकीच्यांचा घसा बसलाय."

मला आकाश ठेंगणे झाले. घरी नेऊन त्यांनी मला चुन्याची निवळी पाजली, मंद आचेवर हळूहळू तापवले आणि पहिल्याच दिवशी माझ्यावर काळ्या मिरच्या टाकल्या.

लग्न असो, बाप्तिस्मा असो वा मयत असो, गावात मोले शिजायचा, म्हणजे मिरच्यांचा दाट काळा रस्सा. त्यासाठी मिरच्या भाजायला त्रान्सितोबाईंनाच बोलावणे यायचे. त्या मला फडक्यात गुंडाळून बरोबर न्यायच्या. या कामातली गोम सांगतो. काळ्या मोलेची चिलवाक्ले मिरची वाळतानाच काळी होते, त्यामुळे ती भाजताना रंगावरून काही म्हणजे काही कळत नाही. ती करपायच्या अगदी काठावर न्यायची आणि तिथून उचलायची. लवकर उचलली तर रस्सा कच्चा राहतो. दोन श्वास उशीर झाला तर कडू होतो, आणि तो कडूपणा मग गुळाने किंवा चॉकलेटनेही जात नाही. ती वेळ फक्त नाकाला कळते. आधी मनुकांसारखा वास येतो, मग तंबाखूसारखा. तंबाखू नाकात टोचू लागली की उचलायची. बाई तव्यापुढे बसल्या की कुणी अवाक्षर काढायचे नाही, असा त्यांचा नियम होता.

सहा वर्षांपूर्वी त्यांची सून एल्पिदिया या घरात आली. ती समुद्रकिनाऱ्यावरची, कोळ्याची मुलगी. तिला बाई शेजारी बसवून शिकवायच्या, पण सरळ शब्दांत शिकवतील तर त्या त्रान्सितोबाई कसल्या!

"अगं, मासा आहे का तो, सारखा उलटतेस ते? आणि ओठ काय हलवतेस?"

"मोजते, आई. तुम्ही उचलता तेव्हा सतरा येतात."

"आणि उद्या विस्तव मंद असला तर? मिरचीला आकडे येत नाहीत, बाई. नाक वापर!"

एल्पिदिया मान खाली घालायची. पण तिने मोजणे सोडले आणि वर्षा-दोन वर्षांत तिचे नाक तयार झाले. हे मला ठाऊक होते. बाईंनाही ठाऊक होते, पण त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाही. मला याचा राग यायचा.

गेल्या जानेवारीत बाईंना ताप आला. आठ दिवसांनी तो उतरला, पण जाताना त्यांचे नाक आणि जिभेची चवही घेऊन गेला. मला हे कळले ते असे. त्यांनी माझ्यावर चटणीसाठी चार मिरच्या टाकल्या. मनुकांचा वास आला, तंबाखूचा आला, टोचू लागला, तरी बाई शांत बसून होत्या. मिरच्यांचा माझ्या अंगावर कोळसा होत होता आणि मला ओरडताही येत नव्हते. इतके वाईट मला जन्मात वाटले नव्हते.

एल्पिदिया अंगणातून धावत आली आणि दारातच थबकली.

"बघतेस काय?" बाई म्हणाल्या. "बिया जाळायला टाकल्यात. मुद्दाम."

काळ्या मोलेसाठी बिया जाळतात हे खरे, पण माझ्यावर एकही बी नव्हते. एल्पिदियाने माझ्याकडे पाहिले, सासूकडे पाहिले आणि ती म्हणाली, "हो, आई."

बाईंनी त्याच मिरच्यांची चटणी वाटली. त्या दिवशी घरात दोघीच होत्या. एल्पिदियाने ती कडूजहर चटणी भाकरीशी पुसून खाल्ली आणि छान झाली म्हणून सांगितले. त्यानंतर ती काही ना काही निमित्त काढून मिरच्या स्वतःच भाजू लागली.

ऑगस्टमध्ये मात्र निमित्त पुरले नाही. गावच्या संताच्या उत्सवात गावजेवण घालण्याचा मान त्या वर्षी बाईंच्या मुलाला, फिदेन्सियोला मिळाला होता. त्यासाठी घराने अकरा वर्षे वाट पाहिली होती. लोमा सेकाची जीभ तिखट आहे. कधीकाळी एका घरचा मोले पातळ झाला होता, त्या घराला लोक अजून 'पाणीवाले' म्हणतात. आमचा मोले कडू झाला असता, तर फिदेन्सियोच्या नातवंडांनाही ते ऐकावे लागले असते.

"आई, या वेळी मिरच्या मी भाजू का?" आदल्या दिवशी एल्पिदियाने विचारले.

"मी मेल्यावर भाज," बाई म्हणाल्या.

सकाळी अंगणात आठ बायका मिरच्यांचे देठ मोडून बिया झाडत बसल्या. दोन पाट्या भरल्या. बाई माझ्यापुढे बसल्या. एल्पिदिया बुटके स्टूल ओढून शेजारी बसली आणि मिरच्या हातात देऊ लागली.

पहिला घाणा पडला. मनुका झाल्या, तंबाखू झाली, ती टोचू लागली आणि एल्पिदिया खोकली. बाईंनी चटकन चिमट्याने मिरच्या उचलल्या.

"सहा वर्षं झाली तरी हिचा ठसका जाईना!" शेजारच्या क्रेसेन्सियाबाई हसल्या. "मासेखाऊ घसा तो!"

बायका खुदखुदल्या. दुसऱ्या घाण्याला पुन्हा ठसका आला, तिसऱ्यालाही. चौथ्या वेळी बाईंनी मुद्दाम लवकर हात पुढे केला. एल्पिदिया गप्प राहिली. बाईंनी हात मागे घेतला. थोड्या वेळाने ठसका आला, नेमका वेळेवर. बाईंची मान क्षणभर खाली गेली. मला वाटले, आता ह्या चिमटा फेकून उठतात. पण त्या उठल्या नाहीत. तशाच बसून त्यांनी एक पाटी संपवली आणि दुसरीही अर्ध्याच्या वर संपवली. खोटे खोकून खोकून एल्पिदियाचा घसा खरोखरच फाटला होता.

"उठव बाई तिला तिथून," क्रेसेन्सियाबाई म्हणाल्या. "मिरचीत थुंकी उडवेल. आणि काय गं त्रान्सितो, तुझ्यामागं या तव्यावर बसणार कोण? हिच्या भरवशावर राहिलं तर गाव कोरडी भाकरी खाईल!"

या वेळी सगळ्याच मोठ्याने हसल्या. एल्पिदियाने झगा सावरला आणि ती उठू लागली.

"बस," बाई म्हणाल्या.

त्यांनीच घातलेला नियम मोडून त्या तव्यापुढे बोलल्या होत्या. हसणे थांबले.

"क्रेसेन्सिया, माझं नाक गेलंय. जानेवारीपासून गेलंय. हा धूर येतोय ना, याचासुद्धा मला वास नाही. सकाळपासून उतरलेली एकेक मिरची हिच्या नाकानं उतरलीय. ही खोकत नव्हती, मला सांगत होती. तुम्ही हिला हसलात आणि मी हसू दिलं."

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"सरक. तिकडं नाही, इकडं. माझ्या जागेवर."

"राहू द्या, आई. थोड्याच उरल्यात."

"थोड्या उरल्यात म्हणूनच गं. दोन्ही पाट्या भरलेल्या असत्या, तर माझ्या तोंडून हे निघालं नसतं."

एल्पिदिया माझ्यापुढे बसली आणि बाई स्टुलावर बसून तिच्या हातात मिरच्या देऊ लागल्या. क्रेसेन्सियाबाई उठल्या, भोपळ्याच्या वाडग्यातून पाणी घेऊन आल्या आणि एल्पिदियाच्या ओठाला लावून उभ्या राहिल्या.

त्या दिवसाच्या जाळाने मला ही चीर पडली. आता रोजच्या चटणीला घरात पत्र्याचा तवा आहे आणि मी कोंबड्यांच्या खुराड्यावर पडून असतो. कोंबड्या माझ्यावर बसतात. ते मला मुळीच आवडत नाही. पण कुठे काळा मोले असला की एल्पिदिया मला पुसते, चुना लावते आणि फडक्यात गुंडाळून नेते.

त्या दुपारची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. रस्सा उकळत होता आणि येईल तो वाहवा करत होता. बाईंनी पळीभर रस्सा एल्पिदियापुढे धरला.

"कसा झालाय? खरं सांग. सात महिने तू मला खोटंच सांगत आलीस."

एल्पिदियाने चाखला आणि ती थोडी घुटमळली.

"मीठ कमी आहे, आई."

बाई हसल्या. तापानंतर त्यांना तसे हसताना मी पाहिले नव्हते. "मग बघतेस काय? घाल की!"

मित्रांनो, मी माती. माझ्या अंगावर मिरची जळत असली तरी मला ओरडता येत नाही. तुम्हाला वाचा आहे. तुमच्या घरातल्या जाणत्या हाताचे चुकू लागले, तर पाठीमागे कुजबुजू नका, शेजारी जाऊन बसा. आणि ज्या दिवशी ते माणूस स्वतःहून विचारेल, त्या दिवशी मीठ कमी असेल तर कमी आहे म्हणून सांगा.