सीनियरचं जाकीट

मित्रांनो, मी एक जुनं, गडद निळं जाकीट आहे. माझ्या पाठीवर ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत 'व्यवसाय प्रशासन विभाग' असं लिहिलं आहे आणि बाहीवर माझ्या मालकिणीच्या, योरिमच्या, प्रवेशाचं साल. कोरियातल्या आमच्या जोंजू शहरात विद्यापीठाची मुलं आपापल्या विभागाचं जाकीट मोठ्या ऐटीत मिरवतात.

काय दिवस होते ते! वर्गापुढे सादरीकरण असलं की योरिमचे हात गार पडायचे. ती ते माझ्या खिशात कोंबायची. तिच्या गटातला एक मुलगा काडीचं काम करायचा नाही. "बाबा रे, निदान स्वतःचं नाव तरी स्वतः लिही!" असं ती त्याला सुनवायची. त्या धावपळीत मीही स्वतःला विद्यार्थीच समजायचं.

पदवी मिळाली. योरिम नोकरीसाठी राजधानी सोलला गेली आणि मी मागे राहिलं. तिच्या आईचं बाजारात शेवयांच्या सूपचं दुकान आहे. थंडीत आई मला घालू लागली.

"आई, ते घालून दुकानात नको गं बसूस," योरिम एकदा फोनवर बोलून गेली. "कॉलेजचं तोंडही पाहिलं नाहीस तू. लोक हसतील."

"बरं," आई एवढंच म्हणाली. मी खुंटीवर गेलं. मला फार वाईट वाटलं. पण लेकीची आठवण अनावर झाली, की आई मला हळूच अंगावर चढवायची. बाही उसवली तर शिवायची.

एका दुपारी मी आईच्या अंगावर असताना माझ्यासारखीच, पण कोरी जाकिटं घातलेली तीन मुलं दुकानात आली. माझी पाठ वाचताच ती नमस्कारासाठी कमरेत वाकली.

"सीनियर! तुम्ही आमच्याच विभागाच्या? या वयात शिकलात? कमाल आहे! मग आजचं जेवण तुमच्याकडून हं!"

सीनियरनं ज्युनियरना जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीतच. आई लाजली, गोंधळली, पण 'नाही' काही तिच्या तोंडून निघेना. तिनं वाडगे काठोकाठ भरले, सोबत कोबीचं आंबट-तिखट लोणचं, किमची, वाढली. मुलं वरचेवर येऊ लागली.

पानगळीत योरिम रजेवर आली, ती थेट दुकानात. दारातच तिच्या कानावर पडलं, "सीनियर, अजून थोडी किमची!"

आईचा चेहरा उतरला. ती घाईघाईनं माझी टिचबटणं उघडू लागली. माझा जीव टांगणीला लागला. योरिमच्या एका वाक्यानं सगळं उघडं पडलं असतं.

योरिम पुढे आली. तिनं माझी बटणं एकेक करून पुन्हा लावली. मग त्या मुलांसारखीच आईपुढे वाकली.

"सीनियर," ती म्हणाली, "मलाही वाढाल ना? सकाळपासून उपाशी आहे."

आता योरिम घरी आली, की माझी बाही तीच शिवते. टाके वाकडे पडतात, पण माझी तक्रार नाही. मित्रांनो, जुने कपडे जपा. आणि कुणी ते मायेनं अंगावर घातले, तर 'तुला शोभत नाहीत' असं मात्र कधी म्हणू नका.