आक्काबाईच्या गाडीचा खोकला

एरंडोलहून निघाली तेव्हाच गाडी खोकत होती. पारोळ्यापर्यंत तिने तीनदा दम खाल्ला आणि मुकटी यायच्या आत तर अशी ठोकायला लागली, की बॉनेटखाली कोणी खलबत्ता घेऊन बसलंय असं वाटावं.

"आक्का, गाडी खोकतेय," उखर्डू ड्रायव्हर म्हणाला.

"तूही वीस वर्षं खोकतोस. तुला मोडीत काढला का मी?"

"गावातच जीवराम मिस्तरीला दाखवली असती..."

"जीवरामला शिंक आणि उचकी यातला फरक कळत नाही. धुळ्याला चल म्हटलं ना!"

उखर्डूने गिअर बदलला. आक्काबाईच्या तोंडाला लागायचं म्हणजे तापल्या तव्याला हात लावायचा, हे त्याला मोतीलालभाऊंच्या वेळेपासून माहीत होतं. मोतीलालभाऊ म्हणजे आक्काबाईचे यजमान. त्यांनीच ही डिझेलची मोटार घेतली, लग्नाकार्याला भाड्याने चालवली, आणि चार वर्षांपूर्वी तिला मागे ठेवून देवाघरी गेले.

खोकला कशाचा हे आक्काबाईला पक्कं ठाऊक होतं. टाकीकडून डिझेल ओढणाऱ्या नळीला एक पितळी नट असतो. सकाळी उखर्डू चहाला गेला, तेवढ्यात तिनेच तो अर्धा फेरा सैल केला होता. बाहेर थेंब गळत नाही, पण आत हवा ओढली जाते. "डिझेल गाडीत हवा म्हणजे माणसाच्या पोटातला वायू," मोतीलालभाऊ सांगायचे. "दिसत नाही, पण जीवाला चैन पडू देत नाही." लाकडाची एक लांब काठी होती त्यांच्याकडे. तिचं एक टोक पंपावर टेकवायचे, दुसरं हिच्या कानाला लावायचे. "ऐक. हा पंप. हा पहिला इंजेक्टर. आता सांग, दुखणं कोणाला?" दोन यत्ता शिकलेली बाई, पण कान असा तयार झाला की चुलीपुढे बसून ती सांगायची, वेशीवरून आपली गाडी वळली म्हणून.

आता ती काठी माळ्यावर होती आणि कान रिकामा होता.

दुखणं होतं धुळ्यात. एकुलती एक लेक, कला, तिथे नांदत होती. तिचा नवरा भटू डिझेल इंजिनांच्या पंपाचा मिस्तरी. मोतीलालभाऊंच्या हाताखाली शिकायला म्हणून आला आणि जावई झाला. लग्नाच्या मांडवात आक्काबाई चारचौघात बोलून गेली होती, "पोरगी दिली, पण ह्याच्या हाताचा डिझेलचा वास काही जन्मात जायचा नाही." कलाने ते गाठीला बांधलं. बाप होता तोवर दर आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, तो स्वतः मुराळी होऊन गाडी घेऊन जायचा आणि लेकीला माहेरी आणायचा. बाप गेला. भाऊ नाही. दहाव्याला कला म्हणाली, "मुराळी येईल तेव्हाच आखाजीला येईन. बिनबोलावता यायला मी काय भिकारीण शे?" आणि आक्काबाई म्हणाली, "तुला पाय आहेत, एस्टीला चाकं आहेत."

त्या एका वाक्यावर चार आखाज्या गेल्या. गल्लीतल्या लेकी यायच्या, आक्काबाईच्या दारच्या निंबाला झोका बांधू का विचारायच्या. ती म्हणायची, "फांदी कच्ची झाली." फांदीला काही झालेलं नव्हतं. घरात सांजोऱ्या तळायच्या, खायला कोणी नाही, मग उखर्डूच्या पोरांना वाटायच्या. आता आखाजी दोन दिवसांवर आली होती. आणि आईने मुराळी म्हणून जायची रीत कुठेच नव्हती.

गाडी दुरुस्त करायला मात्र कोणीही जातं.

भटूचं दुकान आग्रा रोडच्या कडेला, मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. गाडी थांबली तसा तो हात पुसत पुढे आला.

"या आक्का."

"मिस्तरी, गाडी ठोकतेय. बघा जमतंय का. नाहीतर दुसरीकडे नेते."

भटू हसला नाही, चिडलाही नाही. मागच्या दाराला हिरवा पडदा होता. आक्काबाईने तिकडे पाहिलं नाही, म्हणजे पाहिलं ते कोणाला दिसू दिलं नाही. पडद्याआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

भटूने इंजिन चालू ठेवलं आणि इंजेक्टरच्या नळ्यांचे नट एकेक करून जरा सैल करून पाहिले. "इंजेक्टर बिघडला असता, तर त्याचा नट सोडल्यावर ठोका थांबला असता," तो उखर्डूला म्हणाला. "हा थांबत नाही. जागा बदलतोय." मग लांब पेचकस पंपाला टेकवून त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आक्काबाई बघत राहिली. मान तिरपी करायची तऱ्हा मोतीलालभाऊंचीच. डावा डोळा आधी मिटायची सवयही त्यांचीच.

"पंप चांगला शे," भटू म्हणाला. इंजिन बंद करून त्याने फिल्टरवरचा स्क्रू सोडला, डिझेल चढवायचा छोटा हातपंप मारला. डिझेलबरोबर फेस आला. "हवा ओढतेय." बोटांनी नळी चाचपत चाचपत तो मागे गेला, पितळी नटापाशी थांबला, आणि नखाने काहीतरी उचललं. हिरवा दोरा.

त्याने दोरा पाहिला. मग आक्काबाईचं लुगडं पाहिलं. काठ फाटला होता, तोही हिरवा.

उखर्डू हौदावर पाणी प्यायला गेला होता. भटू हळूच म्हणाला, "आक्का, ज्याने नट फिरवला त्याला काम येतं. फडकं गुंडाळून पक्कड लावलीय, पितळेला ओरखडा नाही. असं धरायला मला मोतीलालमामांनी शिकवलं होतं."

"मलाही त्यांनीच," आक्काबाई म्हणाली. एवढंच.

भटूने नट आवळला, फेस जाईपर्यंत हातपंप मारला, चावी फिरवली. इंजिन एका सुरात चालू लागलं. मोतीलालभाऊ लेकीला न्यायला यायचे तेव्हा ह्याच सुरात गाडी ह्या दारात उभी राहायची.

पडदा हलला. कला उंबऱ्यात येऊन उभी राहिली. हाताला कणीक लागलेली, कानशिलाजवळ एक केस पांढरा. आक्काबाईने तो केस पाहिला, आणि चार वर्षं किती लांब असतात ते तिला कळलं.

कलाने गाडीत वाकून पाहिलं. पुढची सीट रिकामी, मागची रिकामी.

"मुराळी कोन शे?" तिने विचारलं.

उखर्डूचं नाव सांगता आलं असतं. तो मोतीलालभाऊंचा माणूस, चाललं असतं. गाडी बिघडली म्हणून आलेय, असंही सांगता आलं असतं. आक्काबाईने डोक्यावरचा पदर सावरला.

"मीच शे."

"आई कुठे मुराळी असते का?"

"नसते," आक्काबाई म्हणाली. "पण आली. आता रीत मोडली म्हणून परत पाठवायची असेल तर पाठव." मग भटूकडे वळली. "जावईबापू, चार दिवस पोरीला धाडा. तुम्हीही या. निंबाला झोका बांधायचाय, दोर ओढायला घरात गडी माणूस नाही."

कलाने हाताची कणीक झटकली. पदराने तोंड पुसलं आणि आत गेली. पडदा पडला.

गाडी तशीच चालू होती. भटू बंद करायला गेला, तर आक्काबाईने हाताने थांबवलं आणि कान पडद्याकडे लावला. आधी काहीच नाही. मग भांड्यावर भांडं पडल्याचा आवाज. नळाचं पाणी. पुन्हा बराच वेळ काहीच नाही. आणि मग खाटेखालून पत्र्याची पेटी फरशीवर ओढल्याची लांब करकर.

"उखर्डू," आक्काबाई ओरडली, "पाणी काय पीत बसलास म्हशीसारखा? मागची सीट पूस!"