डाव्या घडीची बिडी

हिंदुरावनं बंडल नाकाशी नेलं, फिरवलं, पुन्हा नाकाशी नेलं. वास घेऊन बिडीतलं काही कळत नसतं, पण बायका घाबरतात. माळशिरसकडचा हा गडी कारखान्यात चेकर होता. बायकांनी घरी वळून आणलेली बिडी पास करायची की छाट म्हणून फेकायची, हे त्याच्या मर्जीवर.

"ईरम्मा, ही बिडी कुणाची?"

"माझीच की."

"खोटं. तुझ्या बिडीचं तोंड डावीकडनं मोडलेलं असतंय. शहराच्या सगळ्या पूर्व भागात तसली घडी दुसरीची न्हाय. हे तोंड उजवीकडचं हाय. पान कुणाला वळायला दिलंस?"

पान आणि तंबाखू कारखान्याची. ती दुसरीला दिली तर चोरी, आणि चोर बाईचं कामाचं कार्ड गेलं की कुठलाच कारखाना तिला पान देत नाही. हे रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारीण अमिना रोज खांद्याला खांदा लावून उभी राहायची, तीसुद्धा टोपली उचलून जरा बाजूला सरली.

ईरम्माच्या डोक्यात पहिली आली ती लेकीच्या शाळेतली मास्तरीण. कालच मुक्ताबाई घरी येऊन गेली होती. चहा घेतला नाही, पण घरभर नजर फिरवली. सूप कुठं, कात्री कुठं, कोण कुठं बसतं. लेकीची, हेमावतीची, बोटं उलटीसुलटी करून बघितली. पोरीचं हिनंच सांगितलं असणार. नाहीतर अमिनानं. भिंत एकच, बोललेलं सगळं पलीकडं जातं.

कुणी सांगितलं नव्हतं. बिडीनंच सांगितलं होतं.

पान कापणं, तंबाखू भरून वळणं, दोरा बांधणं, हे ईरम्माचं. तोंड बंद करायचं काम हेमावतीचं. पोरीच्या अंगठ्याचं नख बारीक, ते पानाच्या कडा झटक्यात आत दाबतं. पोरगी डावखुरी, म्हणून घडी डावी. चार वर्षं ती सुपाशी बसली. दहाव्या वर्षी, गेल्या आठवड्यात, म्युन्सिपालटीच्या शाळेत पहिलीत बसली. अर्ध्या उंचीच्या पोरांत मागच्या भिंतीला टेकून बसते, पण बसते. तेव्हापासून तोंडं ईरम्मा मोडत होती. आधी पोरीच्या उरलेल्या बिड्या गेल्या, ईरम्माच्या घडीच्या आज पहिल्यांदा आल्या.

"हितं बस आणि एक मोडून दाखव," हिंदुराव म्हणाला.

ईरम्मानं मोडली. उजवीकडनं.

"आता बोल. आजवरच्या कुणाच्या हुत्या?"

त्याच्या डोक्यामागं भिंतीवर पाटी होती. येथे लहान मुलांना काम दिले जात नाही. मालकानं निळ्या रंगात रंगवून घेतलेली. आणि ते खरंही होतं. काम आईला दिलं जायचं, आई ते टोपलीतनं घरी न्यायची, आणि पाटी कारखान्यातच राहायची.

खरं सांगावं तर त्या पाटीवर बोट ठेवून तो कार्ड काढून घेणार. न सांगावं तर चोर. ईरम्मानं हातातली बिडी त्याच्या पुढ्यात टाकली.

"माझ्या लेकीच्या. धा वर्साची हाय. साळंत घातलीय आता."

रांगेतल्या बायका आपापल्या टोपलीत बघायला लागल्या. प्रत्येकीच्या टोपलीत दुसरा, बारका हात होता.

हिंदुरावनं दाराकडं बघितलं. मग आवाज खाली आणला.

"मी काय ऐकलं न्हाय. तूबी काय बोलली न्हाईस. गिऱ्हाइकाला तीच घडी लागती. उद्या तोच हात आण, न्हायतर कार्ड हितं ठिवून जा."

"पाटी काय म्हनती मग?"

"पाटी तपासायला येनाऱ्या सायबासाठी हाय. तू कधीपासनं वाचाय लागलीस गं?"

आजचा माल त्यानं छाटला आणि स्वतःच्या खोक्यात टाकला. छाट बिडी पुढं कुठं जाते, हे विचारायची तिथं सोय नव्हती.

वाटेत अमिना मागनं आली. "ईरम्मा, अल्ला की कसम, मी न्हाय सांगितलं."

"मग लांब का झालीस?"

अमिना रडकुंडीला आली. "माजी रुक्साना काय करती घरी? माहीत न्हाय का तुला?"

संध्याकाळी हेमावती आली. छाट झाल्याचं तिला गल्लीतच कळलं होतं. दप्तराची पिशवी खुंटीला अडकवून ती सरळ सुपापाशी गेली.

"अम्मा, मी न्हाय जात उद्या. मास्तरनीला सांग, ताप आलाय."

ईरम्मानं तिच्या हातातलं पान काढून घेतलं. "मोडू नगं. कशी मोडती ते नुसतं सांग."

"तुला न्हाय जमायचं. तू उजवी."

"सांग म्हनते ना!"

पोरीनं सांगितलं. ईरम्माचा डावा अंगठा जाड, नख फुटकं, तेही चुकीच्या हाताचं. पानं फाटायची, तंबाखू मांडीवर सांडायची. हेमावतीला आधी हसू आलं, मग ती चिडली. "अगं अम्मा, उलटं! उलटं!" आईला असं ओरडायची तिची पहिलीच वेळ. मार बसेल म्हणून ती थबकली. ईरम्मा पुढचं पान उचलून बसली होती.

दुसऱ्या दिवशी टोपली निम्मी भरली. हिंदुरावनं बंडल फिरवलं. डावी घडी.

"आता कसं! सुपाशी बशिवलीस न्हवं पोरगी?"

"ती साळंत हाय."

"व्हय व्हय, असंल की." तो डोळा बारीक करून हसला. "मग माल निम्माच का? आं?"

"पास हाय का न्हाय तेवढं सांगा."

त्यानं एक बिडी उपसली, तोंड उलगडलं, उजेडात धरून बघितलं. घडी जाड होती, नखाचा वळ मोठा होता. त्याला काहीतरी खटकलं. त्यानं ईरम्माच्या हातांकडं बघितलं. तिनं सुजलेला डावा अंगठा पदरात धरला होता.

"पास," तो म्हणाला. पण ती दाराबाहेर पडेपर्यंत त्यानं पुढची टोपली ओढली नाही.