नावावरचा राघू

महाल भागात ज्याच्या बैठकीत रुपराव पेंटरच्या हातची काच नाही, त्याचं लग्न झालं की नाही अशीच शंका लोक घेत, असे ते दिवस होते. काचेच्या पाठीमागून उलटी अक्षरं काढायची, भोवती काळा रंग भरायचा आणि मोकळ्या अक्षरांमागे चुरगळलेली चंदेरी पन्नी लावायची. काच सुलटी केली की नवराबायकोचं नाव असं लखलखायचं, की भांडखोर जोडपीही घटकाभर शहाणी वाटत.

गिऱ्हाइकाला वेली मिळत, मोर मिळत, कमळं मिळत. राघू मात्र कितीही गळ घातली तरी मिळत नसे. तो फक्त देवकीच्या नावावर बसायचा. देवकी ही रुपरावांची एकुलती लेक, आणि नाव त्यांच्या आईचं. पाटी, दप्तर, लोखंडी पेटी, शिलाई मशीनचं झाकण, जिथे तिचं नाव तिथे शेवटच्या अक्षरावर हिरवा राघू, मान वाकडी करून बसलेला.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात देवकीचं लग्न ठरलं. मुलगा श्रीधर, सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत वायरमन. लग्नाच्या महिनाभर आधी तो एसटीनं येऊन दुकानात हजर झाला आणि त्यानं एक चिठ्ठी पुढे केली.

"मामाजी, घरासाठी काच तुमच्याच हातची पाह्यजे. आईनं नाव ठरवलं, मी लिवून आणलं."

चिठ्ठीवरची अक्षरं मुंग्यांची मारामारी झाल्यासारखी होती. रुपरावांनी चष्मा पुसून वाचलं. सौ. चारुलता श्रीधर.

"काहून, बरं नाही का?" श्रीधरनं विचारलं.

"बरं हाय ना," रुपराव म्हणाले आणि उगाच ब्रश धुवायला लागले.

सासरी नाव बदलतात हे त्यांना काही नवं नव्हतं. शेकडो मुलींची नवी नावं त्यांनीच काचेवर चढवली होती, आणि जुन्याचं काय झालं हे एकदाही विचारलं नव्हतं. आता स्वतःच्या घरावर आलं तेव्हा ती चिठ्ठी त्यांनी चार वेळा उलटसुलट करून पाहिली.

"बाबा, तोंड काहून पाडून राहिले?" देवकी रंग घोटताना म्हणाली. "नाव बदललं तं मी का बदलून राहिली?"

"तू नाही वं. पण तिकडं कोणी देवकी म्हणून हाक मारनार नाही. माह्या आईचं नाव तुह्यासंगं सरलं म्हना."

ती खाली मान घालून रंग घोटत राहिली.

काच मात्र रुपरावांनी जन्मात केली नव्हती अशी केली. काळा रंग भरायच्या आधी हात आपसूक हिरव्या डबीत गेला, आणि 'चारुलता'च्या शेवटच्या अक्षरावर राघू बसला. भानावर आले तेव्हा त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं. जावई काय म्हणतील? त्यांनी टर्पेंटाइनची चिंधी उचलली, आणि पुसवेना म्हणून परत ठेवली. आठ दिवसांनी श्रीधर काच घेऊन गेला, काही न विचारता.

लग्न लागलं. लक्ष्मीपूजनाला गुरुजींनी तांदळाचं ताट पुढे ठेवलं, आणि बायकोचं नवं नाव लिहायला श्रीधरनं सोन्याची अंगठी हातात घेतली. खांबाला टेकलेल्या रुपरावांना तिकडे बघायचं नव्हतं, तरी ते बघत होते. अक्षरं मुंग्यांची नव्हती. गोल, टपोरी, थेट त्यांच्याच वळणाची होती. नाव पुरं झालं तरी श्रीधर अंगठी खाली ठेवीना. जीभ दाताखाली धरून तो शेवटच्या अक्षरावर काहीतरी कोरत होता.

"आता ही कोंबडी कशाला?" गुरुजी म्हणाले. मांडव हसला.

श्रीधरचे कान लाल झाले. "कोंबडी नाही, राघू हाय. काचेवर नावातच हाय तो. अक्षर खराब म्हणून पंधरा दिवस काच पाहूपाहू परातीत पीठ पसरून गिरवून राहिलो होतो. नाव जमलं, पण याची मान काही जमत नाही."

देवकीनं हात पुढे केला आणि बोटाच्या टोकानं राघूची मान हलकेच वाकडी केली. तिचे डोळे भरले होते.

"याचंही नाव हाय का काही?" श्रीधरनं हळूच विचारलं.

"देवकी," ती म्हणाली. "आजीचं नाव. माह्यंही."

श्रीधरनं एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा खांबाकडे.

"मामाजी," तो म्हणाला, "मंग आमच्या घरी दोघीही येऊन राहिल्या म्हना."