अंधाराची राखण

धाकटी जाऊ आपली रोपं बिघडवणार, असं थोरलीच्या मनाने पक्कं घेतलं होतं. पुरावा म्हणाल, तर एकदा धाकटी अंधाऱ्या खोलीच्या दाराशी उभी दिसली होती, बस्स. घर एक, प्रयोगशाळा एक, दोघींचं काम बटाट्यांवर, आणि सलग अंधार मिळेल अशी खोलीही एकच. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी सांगून टाकलं होतं, थोरलीच्या रोपांना बटाटे धरले तर खोली तिच्याकडे राहील, नाहीतर धाकटीकडे जाईल. खोली गेली की थोरलीची वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात.

बटाटा हे काही मूळ नव्हे. ती जमिनीखाली पळणारी फांदी. तिचं टोक कधी फुगायचं ते ठरवतं मात्र वरचं पान. रात्र मोठी झाली की पानात एक प्रथिन तयार होतं, रसाबरोबर खोडातून खाली उतरतं आणि त्या टोकाला सांगतं, पळणं पुरे, आता साठवायला लाग. मग पेशी फुगतात आणि पिष्ट भरायला लागतं. हे प्रथिन भरभरून बनवणाऱ्या वाणाचे शेंडे थोरलीने साध्या रोपांवर कलम केले होते. कलमांच्या कुंड्यांना लाल दोरा, नुसत्या साध्या रोपांना निळा. बटाटे दोन्हींना धरायचे, पण कलमांना लवकर आणि जास्त. अट एवढीच, की अंधार मध्ये मोडता कामा नये. जरा उजेड पडला की पानातलं रंगद्रव्य जागं होतं, झाडाला रात्र तोकडी वाटते आणि प्रथिनाचं काम तिथेच अडतं.

कामाच्या सोयीसाठी त्या खोलीतली रात्र दिवसाढवळ्याच सुरू व्हायची. थोरलीने दाराला स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. तरी जिवाला चैन नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तसं. कुलूप काय, उघडता येतं. हिने दोऱ्यांचीच अदलाबदल केली तर?

म्हणून ती रोज दुपारी आत जायची. आत फक्त हिरवा दिवा न्यायचा, झाडांना तो फारसा जाणवत नाही, असा तिथला नियम. पण हिरव्या उजेडात लाल दोरा काळा दिसतो आणि निळाही काळाच. मग बाई पळभर मोबाइलचा टॉर्च मारायची. दोरे जागच्या जागी दिसले की जीव भांड्यात पडायचा.

"ताई, रोपं कशी आहेत?" धाकटीने एकदा जेवताना विचारलं.

"तुला कशाला नसत्या चौकशा?"

धाकटीने पुन्हा विचारलं नाही. थोरलीला तेही खटकलं.

शेवटी सरांसमोर कुंड्या उपड्या केल्या. मातीत नुसत्या पांढऱ्या लांबलचक फांद्या, टोकं सुईसारखी. लाल दोऱ्याला बटाटा नाही, निळ्यालाही नाही.

"कलम फसलं असतं तर निळ्यांना तरी धरले असते," थोरली जावेकडे रोखून बघत म्हणाली. "कुणीतरी अंधार मोडलाय, सर."

"किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडेच."

"मग आत कोण जायचं?"

"मीच. दोरे बघायला. हिरव्या दिव्यात रंग कळत नाहीत ना, म्हणून जरासा मोबाइलचा..."

"पळभरही पुरतो, असं मुलांना तुम्हीच शिकवता," सर म्हणाले, आणि धाकटीला सोमवारपासून खोली घ्यायला सांगून निघून गेले.

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटी कुंड्या धुवायला लागली.

"तुला ठाऊक होतं?" थोरलीने विचारलं.

"बाहेरच्या अंधाऱ्या बोळात दाराच्या फटीतून रोज पांढरा उजेड दिसायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असता?"

काय म्हटलं असतं, ते थोरलीला नेमकं माहीत होतं. आत्ताही तोच खोलीचा आरोप ओठांवर आला, आणि तिने तो गिळला नाही. "खोलीसाठी गप्प बसलीस."

धाकटीने नळ बंद केला. "आधी तुमच्या भीतीने बसले. मग गप्प बसणं सोयीचं वाटायला लागलं. खोली मलाही हवी होती, ताई."