मागचा ब्रेक

साताऱ्यात सायकल अर्धी वाट माणसाला नेते आणि उरलेली अर्धी वाट माणूस सायकलीला. कृष्णात बोगद्याच्या अलीकडे एका चाळीत राहायचा आणि खाली एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला होता. जाताना समर्थ मंदिरापासून राजवाड्यापर्यंत पॅडल मारायची गरजच नसायची. येताना मात्र पाळी करून थकलेल्या अंगानं सायकल हातात धरून तोच रस्ता चढायचा. नऊ वर्षं हे चाललं होतं. कुठल्या वळणाला ब्रेक किती दाबायचा, हे त्याच्या बोटांना पाठ झालं होतं.

त्याच्या शेजारच्या खोलीत ब्याण्णव साली केरू बनसोडे राहायला आले. सरकारी कचेरीत शिपाई होते, सांगलीहून बदली होऊन आलेले. सांगली म्हणजे सपाट गाव. तिथं तीस वर्षं ते सायकलवरूनच फिरले होते. साताऱ्याला आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी उतार पाहिला आणि आपली सायकल सांगलीला लेकीच्या दारात ठेवून आले.

"हितं माणसानं पायीच चालावं," ते कृष्णातला म्हणायचे. "तुमी लोक सायकल चालवत न्हाई रं, पडता नुसतं."

कृष्णात त्यांना नाना म्हणायचा. नानांची बायको लक्ष्मीबाई कृष्णातच्या बायकोला, रंगूबाईला, सुकटीची चटणी करून द्यायची. सुरुवातीला रंगूबाई ती वाटी घ्यायची आणि तशीच बाजूला ठेवून द्यायची. बौद्धांच्या घरचं खायला तिला दोन महिने लागले. नंतर दोघींचं चांगलं जमलं.

चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात कृष्णातच्या सायकलीच्या मागच्या ब्रेकचा दांडा निखळला. पुढच्या ब्रेकची रबरं आधीच झिजलेली होती. सायकल दुकानात न्यायला हवी होती, पण रात्रपाळी होती आणि दिवसभर झोप. म्हणून दोन दिवस तो चपलेचा तळवा पुढच्या टायरवर दाबून उतरत होता. त्याला ते जमायचं. चाळीतल्या निम्म्या लोकांना जमायचं.

तिसऱ्या दिवशी रात्रपाळी करून तो साडेआठला घरी आला. रंगूबाई नळावर गेली होती. त्यानं सायकल भिंतीला लावली, चार घास खाल्ले आणि पांघरूण ओढलं. डोळा लागतोय तोवर दारात नाना उभे.

"कृष्णात, झोपलास व्हय रं? जरा सायकल नेऊ का? रातभर हिच्या अंगात ताप हुता, त्यात उशीर झाला. कचेरीच्या किल्ल्या माज्यापाशी हायत. सायेब आज लवकर येणार हायत."

"न्या की नाना," पांघरुणातूनच कृष्णात म्हणाला. "कुलूप न्हाई लावलेलं."

सायकल भिंतीपासून निघाल्याचा आवाज आला. मडगार्ड खडखडलं. आणि त्याच वेळी कृष्णातला ब्रेक आठवला.

त्यानं डोळे उघडले. नाना अजून गल्लीतच होते. वाटेत कुणाची तरी शेळी आली असावी, कारण घंटी दोनदा वाजली. कृष्णात कोपरावर उठलासुद्धा. एक हाक मारली असती तर पुरे होतं. पण अंग शिशासारखं जड झालं होतं. नाना काय पोरसवदा हायत का, बघतील की, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं डोकं पुन्हा उशीवर टेकलं. तिसऱ्यांदा घंटी वाजली ती गल्लीच्या टोकाला. मग तो झोपला.

अर्ध्या तासानं रंगूबाईनं त्याला हलवून उठवलं. "नाना पडले उतारावर," ती म्हणाली.

उताराच्या वळणावर विटांचा एक टेंपो उभा होता, माल उतरवत. नाना त्याच्या फाळक्यावर जाऊन आदळले होते. कृष्णात पळत पोचला तेव्हा त्यांना रिक्षात घालत होते. शर्टाच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा लोंबत होता. दवाखान्याच्या दारापर्यंतही ते पोचले नाहीत.

सायकल तिथंच पडली होती. पुढचं चाक दुमडलं होतं, मागच्या ब्रेकचा दांडा लोंबत होता. हवालदारानं तो दांडा पायानं हलवून पाहिला आणि कागदावर लिहिलं, आपटल्यामुळे निखळला. मग विचारलं, "सायकल कुणाची?"

"माजी," कृष्णात म्हणाला.

"याला चालवता येत होती ना?"

टेंपोवाला मध्येच बोलला, "सांगलीचा मानूस हाय सायेब. उताराची सवय कुठली? सुटला की सुटलाच."

भोवतीच्या माणसांनी माना डोलावल्या. हवालदारानं कृष्णातकडे पाहिलं.

"व्हय," कृष्णात म्हणाला. "त्यास्नी उताराची सवय नव्हती." हवालदारानं तेही लिहून घेतलं.

हेच मग सगळीकडे झालं. कचेरीत, चाळीत, चहाच्या गाड्यावर, जो तो म्हणायचा, सांगलीच्या माणसानं कशाला उतारावर सायकल घालायची? लक्ष्मीबाईला भेटायला येणाऱ्या बायकाही तिच्या तोंडावर तेच बोलून जायच्या. ती एकच वाक्य म्हणायची. "तीस वर्षं चालीवली त्यांनी. येकदा खरचटलं न्हाई." कृष्णात भिंतीपलीकडे ते ऐकायचा.

पंधरा दिवसांनी लेक आम्रपाली आईला न्यायला आली. ती सांगलीत प्राथमिक शाळेत शिकवत होती. निघताना लक्ष्मीबाई कृष्णातच्या उंबऱ्याशी येऊन हात जोडून म्हणाली, "तुजी सायकल मोडली बाबा आमच्यापायी. तू अडीनडीला दिलीस, आन् तिचं आसं झालं."

"काकी, आसं बोलू नगा," कृष्णात म्हणाला.

जानेवारीत एसटीच्या टपावरून एक सायकल आली. नानांची. सोबत आम्रपालीच्या अक्षरात चिठ्ठी होती: आईची इच्छा आहे, ही तुम्ही वापरावी. बाबांनी कधी कुणाचं मोडून ठेवलं नव्हतं.

सायकल जुनी होती, पण ठेवलेली कशी! साखळीला तेल, घंटी चकचकीत, ब्रेकची चारही रबरं नवीकोरी. कृष्णातनं ब्रेक दाबला तर चाक जागच्या जागी थांबलं. तो तिथंच उंबऱ्यात बसला.

त्या सायकलीवर तो कधी बसला नाही. कामावर जाताना उतारालासुद्धा हातात धरून न्यायचा. लोक हसायचे. रंगूबाई विचारून थकली. शेवटी एका रविवारी दुपारी त्यानं तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून तिनं विचारलं, "मग मला का सांगताय? मी काय करू?"

पुढच्या रविवारी त्यानं ती सायकल एसटीच्या टपावर चढवली आणि सांगली गाठली. स्टँडावरून पत्ता विचारत, सायकल ढकलत तो गेला. रस्ता तळहातासारखा सपाट. म्हातारीकोतारी माणसं, शाळेच्या पोरी, दूधवाले, सगळे संथ पॅडल मारत चालले होते. ब्रेकला कुणाचा हातही लागत नव्हता.

दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली नानांचा फोटो. लक्ष्मीबाईनं त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "आगं आम्रपाली, कृष्णात आलाय बघ. पानी आन."

त्यानं पाण्याला हात लावला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. दांडा दोन दिवस आधी निखळला होता. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. हवालदारापुढंही बोललो नाही.

लक्ष्मीबाईनं विचारलं, "इसरला हुतास?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. ती जणू त्याला वाटच काढून देत होती.

"न्हाई काकी. आठवलं हुतं. नाना गल्लीतच हुते तवा. घंटी ऐकू येत हुती मला."

"मग?"

"झोप आलती."

लक्ष्मीबाई उठली आणि आतल्या खोलीत गेली. रडण्याचा आवाज आला नाही.

आम्रपाली दाराला टेकून उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "एक विचारू? तिथं तुमच्यातला कुणी असता, तुमचा चुलता, मामा, तरी तुम्ही असेच पडून राहिला असता?"

कृष्णातनं तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं की हो, हे त्यालाच कळेना. त्या दिवसापासून त्यानं स्वतःला शंभर प्रश्न विचारले होते. हा विचारला नव्हता.

"सांगता येत न्हाई," तो म्हणाला.

"माझ्या बाबांना सायकल येत नव्हती, असं सगळा गाव म्हणतो. कागदावर तसं लिहिलंय. आई ते ऐकून ऐकून इथं आली. आमच्यापाशी बोलून काय उपयोग? जिथं गप्प बसलात तिथं जाऊन बोला. आणि सायकल ठेवून जा."

तो साताऱ्याला परतला. दुसऱ्या दिवशी चौकीत गेला. हवालदार म्हणाला, "प्रकरण मिटलंय. आता कशाला स्वतःच्या गळ्यात बांधून घेतोस?" कृष्णात हलला नाही. दोन तास बाकावर बसल्यावर त्याचा जबाब लिहून घेतला, त्यानं सही केली, कागद एका फायलीत गेला. मग तो नानांच्या कचेरीत गेला. हेडक्लार्क दादासो पाटणकर चष्मा काढून म्हणाले, "गेलेला माणूस परत येणार आहे का?" तरी कृष्णातनं चार टेबलांसमोर ब्रेक आधीच निखळला होता आणि मला ठाऊक होतं, हे वाक्य चारदा म्हटलं. चहाच्या गाड्यावर म्हटलं. चाळीत म्हटलं.

चाळीतली माणसं त्याच्याशी बोलेनाशी झाली. खरं सांगितल्याबद्दल त्याला कुणी चांगलं म्हणालं नाही. रंगूबाई महिनाभर शिराळ्याला माहेरी जाऊन राहिली. मग परत आली. आणि एवढं होऊनही गाड्यावर कुणीतरी म्हणायचंच, "ते खरं, पण सांगलीचा माणूस..." कृष्णात तिथं असला तर पुन्हा सगळं सांगायचा. ऐकणारे कंटाळून उठून जायचे.

त्यानं आम्रपालीला सगळं पत्रानं कळवलं. कुठं कुठं बोललो, कुणापुढं बोललो, जबाबाची तारीख.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. दोनच ओळी होत्या. आईला वाचून दाखवलं. पुन्हा पत्र पाठवू नका.

त्यानं कार्ड रंगूबाईकडे दिलं. तिनं वाचलं आणि परत दिलं. दुपारपाळीची वेळ होत आली होती. त्यानं डबा पिशवीत टाकला, चप्पल घातली आणि पायीच निघाला.