पोचा पडलेली पिवळी गाडी

चिमीचं खरं नाव कामाच्या ठिकाणी सगळ्यांना माहीत होतं, पण आजोळी ती पंचेचाळिशी उलटली तरी चिमीच होती. लिलावघरात तिला मॅडम म्हणायचे. जुन्या स्पोर्ट्स कार विकायला आल्या की त्यांच्याखाली आडवं होऊन, बॅटरीच्या उजेडात गंज शोधून, इंजिनावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून, लिलावात गाडीला साधारण किती येतील हे सांगायचं, हे तिचं काम. आणि आकडा सांगितला की तो चुकायचा, हे तिचं दुखणं.

थोडाफार चुकला असता तर तिने मनाला लावून घेतलं नसतं. पण एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या एकाच दिवशी विकायला उभ्या राहायच्या, आणि जिचं इंजिन धूर ओकतंय ती चांगलीच्या दुप्पट घेऊन जायची. वर संध्याकाळी कॉफी पिताना जो तो सांगायचा, "हे होणारच होतं." होणारच होतं तर सकाळी का नाही बोललात, असं तिला विचारावंसं वाटायचं. ती विचारत नसे. दात-ओठ खाऊन घरी जायची.

अशात एका रविवारी मामाचा फोन आला. "चिमे, गाडी विकून टाकायची म्हणतोय. येऊन बघून जा."

मामा दातांचा डॉक्टर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्याची पिवळी दोन सीटची गाडी म्हणजे घरातलं लाडावलेलं लेकरू. बटण दाबलं की पुढचे दिवे झाकणं उघडून वर यायचे, आणि हे बघायला पूर्वी गल्लीतली सगळी पोरं जमायची. तीस वर्षं दर रविवारी मामाने ती धुतली. चाकांच्या जाळीतली घाण तो दातांच्या ब्रशने काढायचा, तोही मऊ केसांच्या. पावसात गाडी बाहेर नाही, खडीच्या रस्त्यावर नाही, आणि मामीच्या हातात तर नाहीच. आता मात्र मामीने ठाण मांडलं होतं. तिला गॅरेजात शिवणाचा क्लास काढायचा होता, मशिनांची ऑर्डरही देऊन झाली होती.

चिमीने गाडी तासभर तपासली. मामा मागे हात बांधून तिच्याभोवती फिरत होता. शेवटी तिने हात पुसले आणि आकडा सांगितला.

मामाने तो पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाला, "एवढ्यात तर नुसते दरवाजे यायचे."

"मामा, गाडी झकास आहे. पण ती चाललेलीच नाही. उभ्या गाडीचं रबर सुकतं, टायर दगड होतात. ज्यांना चालवायला हवी ते अशा गाडीला बिचकतात. त्यात रंग पिवळा. कुणी जीव टाकतं, कुणी ढुंकूनही बघत नाही."

"तीस वर्षं जपली, त्याचं काहीच नाही?"

"आहे ना. ते धरूनच सांगितलं."

मामाचा चेहरा पडला, आणि चिमीला वाटलं आपण गाडीचा नाही, याच्या रविवारांचा भाव केला. मामाने स्वतःचा आकडा सांगितला, तिच्या आकड्याच्या बरोबर दुप्पट. त्याखाली द्यायचीच नाही, असं त्याने कागदावर लिहून मागितलं. "ही काय अक्कलदाढ आहे, उपटली आणि टाकली?" असंही वर ऐकवलं. चिमीने मुकाट्याने लिहून दिलं. मामाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घेणं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

लिलावघर म्हणजे पूर्वीचं बस दुरुस्तीचं गॅरेज. सिमेंटच्या जमिनीवर लाल गालिचा अंथरला, छताला दिवे टांगले, तरी कोपऱ्यांतून ग्रीसचा वास काही केल्या जात नसे. मामा कोट घालून पहिल्या रांगेत बसला होता, शेजारी मामी. वर उभा राहून बोली पुकारणारा उंच, घोगऱ्या आवाजाचा गृहस्थ, त्याला सगळे हातोडेसाहेब म्हणायचे.

पिवळ्या गाडीच्या आधी एक खटारा ढकलत आणला. कुठल्याशा गोदामात पडून होता. आत सीट नाहीत, काचेला तडा, टपावर कबुतरांच्या विष्ठेचा थर. तो न धुता तसाच आणायचा, ही साहेबांची कल्पना. साहेब म्हणजे लिलावघराचा मालक. चिमीने भंगाराच्या जरा वरचा भाव लिहिला होता. बोली सुरू झाली आणि लोक इरेला पेटले. मागचे पुढे आले, खुर्च्यांवर चढले, हातातल्या नंबराच्या पाट्या खाली जाईनात. तिच्या आकड्याच्या कितीतरी पट वर गेल्यावर हातोडा पडला, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि विकत घेणाऱ्याचं अभिनंदन करायला अर्धा हॉल त्याच्यामागे बाहेर कॉफीला गेला.

त्या रिकाम्या हॉलमध्ये मामाची गाडी आली. दिवे वर उघडून दाखवले. बघायला माणसं कुठे होती? फोनवरून एक बोली आली, मग दुसरी, मग पलीकडचा माणूस फोन ठेवतो म्हणाला. हातोडेसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि "विकली नाही" म्हणून पुढच्या गाडीला बोलावलं. चिमीच्या आकड्यापर्यंतसुद्धा बोली पोचली नव्हती.

घरी जाताना मामा म्हणाला, "कबुतरांनी घाण केलेली चालते लोकांना."

"मामा, त्याचं असं आहे..."

"काही असं नाही. तू शिकलीस काय इतकी वर्षं?"

हाच प्रश्न चिमी स्वतःलाही विचारायची, पण दुसऱ्याच्या तोंडून तो फारच झोंबला.

गाडी पुन्हा गॅरेजात गेली. मग एका दुपारी मामा डोळे तपासून घ्यायला गेलेला असताना शिवणाची मशिनं दारात आली. टेम्पोवाला घाई करायला लागला. मामीकडे लायसन्स होतं, किल्ली कुठे असते हेही तिला माहीत होतं. तिने पिवळी गाडी बाहेर काढली, मशिनं आत ठेवून घेतली. एवढ्यावर भागलं असतं. पण सीटवर बसलेच आहे तर चौकापर्यंत जाऊन येऊ, असं तिच्या मनात आलं. चौकातून ती बाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागली, आणि तास-दीड तासाने परतली तेव्हा केस विस्कटलेले होते आणि स्वारी भलतीच खुशीत होती. त्या खुशीतच फाटकात वळताना पुढची उजवी बाजू खांबाला घासली. तळहाताएवढा पोचा पडला, वर लांब ओरखडा.

मामाने ते पाहिलं आणि तो आत जाऊन झोपला. आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं, असं मामी फोनवर चिमीला म्हणाली. "जेवायला येतात, ताटाकडे बघून जेवतात आणि जातात. दुरुस्त करून टाकू का गं गुपचूप?"

"अजिबात नको," चिमी म्हणाली. "कारखान्यातून आलेला मूळ रंग आहे, हीच तर तिची मोठी जमेची बाजू. पोचा काढायचा तर त्यावर नवा रंग चढवावा लागणार. मग तेही गेलं."

दुसऱ्या लिलावाआधी साहेबांनी स्पष्ट सांगितलं, एकदा न विकलेली गाडी म्हणजे लोकांना वाटतं काहीतरी गोम आहे, तेव्हा यावेळी किमान किंमत वगैरे काही ठेवायची नाही. मामा फोनवर म्हणाला, "फुकट देऊन टाक. मला काय." चिमीने माहितीपत्रकात खरं तेच छापलं: पुढे उजवीकडे पोचा, मालकिणीने नुकतीच चालवली आहे. आकडा आणखी खाली आणला, आणि तो लिहिताना स्वतःचीच तिला चीड आली. तीस वर्षांची निगा एकीकडे आणि फाटकाचा खांब एकीकडे.

लिलावाच्या दिवशी मामा शेवटच्या रांगेत बसला, कोट न घालता. बोली अगदी तळापासून सुरू झाली. दोन पाट्या वर गेल्या. एक होती बेकरी चालवणाऱ्या एका बाईची, बाहीला पीठ लागलेलंच होतं. दुसरी पांढऱ्या शेंडीवाल्या एका माणसाची. चिमीला वाटलं, दोन-चार बोल्यांत आटोपेल. पण दोघंही मागे हटेनात. चिमीचा नवा आकडा गेला, जुना गेला. हातोडेसाहेब घाम पुसायला लागले. मामाने सांगितलेला, दुपटीचा, सगळ्यांनी वेडा ठरवलेला आकडा आला आणि तोही मागे पडला. शेवटी शेंडीवाल्याने नकारार्थी मान हलवली आणि गाडी बेकरीवाल्या बाईंना गेली.

चिमी तडक त्यांच्याकडे गेली. असं करायची पद्धत नव्हती, पण आता तिला राहवेना. "रागावणार नसाल तर एक विचारू? एवढे का दिलेत?"

बाई हसल्या. "मागच्या वेळीही मी याच गाडीसाठी आले होते. गाडी लावायला जागा शोधता शोधता आत पोचले तर लिलाव होऊन गेलेला."

"तेव्हा तर नवी कोरी होती ती."

"तेच तर. तेव्हा मिळाली असती तर चालवायची भीती वाटली असती. आता पहिला ओरखडा दुसऱ्या कुणीतरी पाडून ठेवलाय. माझा जीव भांड्यात पडला."

शेंडीवाला दाराशी उभा होता, हरल्याचं दुःख काही त्याच्या तोंडावर दिसत नव्हतं. त्यालाही चिमीने विचारलं.

"मला नकोच होती," तो म्हणाला. "ती बाई माझ्या जुन्या भागीदाराची बहीण आहे."

"मग?"

"मग काय? तिला स्वस्तात जाऊ द्यायची होय?"

म्हणजे एकीला तेव्हा पार्किंग मिळालं नाही आणि एकाला जुना राग काढायचा होता. यातलं काय चिमीने गाडीखाली आडवं होऊन शोधायला हवं होतं?

मामा खूश होईल असं तिला वाटलं होतं. तो खुर्चीतून उठलाच नव्हता. "तीस वर्षं मी जपली," तो म्हणाला, "आणि पैसे आले ते पोच्याचे."

"पोचा माझा आहे," मामी म्हणाली. "मला कुणी आभार मानल्याचं आठवत नाही."

"तू गप्प बस."

"का म्हणून? आणि आकडा तुमचाच खरा ठरला की."

"खरा कसला? वर गेला तो," मामा चिमीकडे वळून म्हणाला. "माझाही चुकला. तुझ्यासारखाच."

तो असं म्हणाला आणि चिमीचा सगळा राग विरला. आपण एकट्याच वेड्या नाही, मोल योग्य कारणाने मिळावं म्हणून हट्ट धरणारा आणखी एक जण इथे बसला आहे, हे तिला दिसलं. ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. दोघंही हातोडेसाहेबांकडे बघत बसले. तिकडे गिअर नसलेली कुठलीशी गाडी धडाधड वर चढत होती.

साहेबांनी यातून धडा घेतलाच. पुढच्या महिन्यात त्यांनी हौसेने पोचे पडलेल्या तीन गाड्या मिळवल्या आणि माहितीपत्रकात पोच्यांचे मोठे फोटो छापले. एकही विकली गेली नाही. "असं का झालं असेल मॅडम?" त्यांनी विचारलं. चिमी म्हणाली की तिला डोकं दुखतंय, आणि त्या दिवशी लवकर निघून आली.

पैसे पुरे चुकते होईपर्यंत पिवळी गाडी मामाच्याच दारात होती; ती न्यायला बेकरीवाल्या बाई ठरल्याप्रमाणे आल्या. चिमी कागदपत्रांसाठी हजर होती. मामाने थंड इंजिन कसं सुरू करायचं, झाकणांचे दिवे अडले तर कुठे टिचकी मारायची, हे सगळं समजावलं. बाईंनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मग म्हणाल्या, "डॉक्टर, चला ना बरोबर. एक फेरी मारू. माझं काही चुकलं तर सांगा."

मामा बावचळला. उजवीकडे-डावीकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा आपल्याच गाडीत शेजारच्या सीटवर बसला. गाडी गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली. मामी आणि चिमी गॅरेजात मशिनं भिंतीला लावत राहिल्या.

बऱ्याच वेळाने बाईंनी त्याला फाटकाशी सोडलं आणि त्या निघून गेल्या. मामा आत येऊन एका स्टुलावर बसला. "बरी चालवते. ब्रेक जरा उशिरा लावते," म्हणाला. मग स्टूल पुढे ओढत, "मी तिला विचारलं. एवढे का दिलेत म्हणून."

चिमीने हातातलं टेबल खाली ठेवलं. "काय म्हणाल्या?"

"म्हणाली, ती लहान असताना तिच्या आईकडे याच पिवळ्या रंगाची छत्री होती. बाकी काही बघितलंच नाही म्हणे तिने. पोचा तर आज नीट दिसला म्हणाली."

चिमीला तर त्यांनी ओरखड्याचं कारण सांगितलं होतं. मामा कधी नव्हे ते मिश्कील हसत होता, आणि त्याला आता काही सांगण्यात अर्थ नव्हता. तिने टेबलाची एक बाजू उचलली. "मामी," ती म्हणाली, "तुम्ही ती बाजू धरा. आणि पुढच्या महिन्यात कुणी गाडी दाखवायला आलं तर मी गावाला गेलेय म्हणून सांगा."